चाळीसच्या पाटीवर भावाची गाडी

धाकट्या भावाने नागपुरात गाडी घेतली आणि आमच्या घरात वेगाशिवाय दुसरा विषयच उरला नाही. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच ती शंभरावर जाते म्हणे. मीटरवर आकडे दोनशे चाळीसपर्यंत. मी विचारलं, "एवढी पळवू देतात कुठं?"

"पळवाची नसते ताई, ताकद असावी लागते. ओव्हरटेक करतानी कामी येते."

रेतीच्या ट्रकमागे धूळ खात मीही पवनीहून माहेरी कोंढ्याला येते, त्यामुळे हे थोडं मान्य. पण एक ट्रक ओलांडायला एवढी ताकद? आणि पळवायची नसते, तर ती मिरवायला एवढे लाख मोजायचे कशाला? कोंढ्यात आमच्या घरासमोरच्या रस्त्यावर चाळीसची पाटी आहे. त्या पाटीला तो गावठी समजतो.

दिवाळीच्या सुमाराची गोष्ट. अवकाळी पावसाने खळं ओलं झालं होतं, म्हणून आईने धान डांबरी रस्त्याच्या कडेला वाळत घातलं होतं. रस्त्यावर धान घालू नये, हे मलाही कळतं. पण भिजलेल्या धानाला कोंब फुटतात, आणि सगळं गाव तेच करतं. कडेला दगड मांडून आई पाय ओढत धान खालीवर करत होती. तिला हल्ली कमी ऐकू येतं. मी दारात होते. वळणावरून भावाची गाडी आली, आणि मी ओरडेपर्यंत टायर किंचाळले. दगड उडाले. गाडी थांबली ती आईच्या लुगड्यापासून हातभर अंतरावर.

भाऊ उतरला आणि चक्क हसला.

"पाह्यलं का ताई, ब्रेक कसे आहेत! दुसरी गाडी असती त थांबली नसती."

"दुसरी गाडी असती त एवढ्या जोरात आलीच नसती!" मी अख्ख्या गावाला ऐकू जाईल अशी ओरडले. आई मरता मरता वाचली, आणि हा कंपनीची जाहिरात करतोय! मला त्याच्या मुस्काटात द्यावीशी वाटली. आई खाली बसून धानातले खडे वेचू लागली.

तेव्हापासून तो नागपूरहून निघताना आई त्याला फोनवर एकच सांगते, "बाबू, फाट्यावर आला का फोन करजो." तोही न चुकता करतो.

परवा जेवताना तो बायकोला कौतुकाने सांगत होता, "मायची ओढ पाह्य कशी असते. मी फाट्यावर आलो का नाही, तिले पहिले कळलं पाहिजे."

आई त्याच्या ताटात भात वाढत होती. माझ्याने राहवलं नाही.

"तुझी वाट नाही पाहत रे ती. तुझा फोन आला का शेजारची लेकरं हाका मारमारून अंगणात घेते. समोरच्या घरच्या म्हातारीले धरून रस्त्यावरून उठवते. मंग दार लावते."

"कायच्या काय बोलतं ताई तू," तो हसला आणि आईकडे वळला. "हो का वं माय?"

आईने आणखी एक वाढणी भात घातला. नाही म्हणाली नाही.