तेजस्वीचं रान

वाडीत कुणालाही विचारा, गंगाराम आबांचं घर कुठलं? 'ता रान दिसता मां, तेच्या मागचा,' असं उत्तर मिळायचं आणि आबांच्या डोक्यात तिडीक जायची. उभी वाडी गणपतीच्या चवथीआधी आवार साफ करून लख्ख करते, आणि आपल्याच दारात ही झाडोऱ्याची गर्दी! केली कुणी? तर घरच्याच सुनेनं!

सून म्हणजे तेजस्वी, हायवेवरच्या तळेरे गावची मुलगी. रस्ता रुंद झाला तेव्हा माहेरच्या दारातली झाडं एका दुपारी आडवी झालेली तिने पाहिली होती. ते तिच्या काळजाला लागलं होतं. सासरी नर्सरीतून आणलेलं लॉन मे महिन्यात करपलं, तेव्हा तिने ते पुन्हा लावूच दिलं नाही. विहीर उपसून परकं गवत कशाला पोसायचं? इथल्या मातीचं लावूया की! नवरा सर्वेश मुंबईला नोकरीला. 'कर काय ता,' म्हणून त्याने फोनवरच सुटका करून घेतली. मग बाई डोंगरमाथ्यावरच्या सड्यावरून मुळं, बिया, कंद आणत सुटली. कुंपणाला निगडी आणि करवंद, निगडीवर कवंडळाचा वेल. पांढऱ्या पानांचं शेरवड, कांगणी, तेरडा, पिवळ्या फुलांची हरणं. पाच-सहा पावसाळ्यांत असं माजलं की फुलपाखरं घरात शिरायला लागली.

यंदा आबांनी निकाल लावायचंच ठरवलं. सून मालवणच्या बाजाराला गेलेली बघून त्यांनी गवत कापणाऱ्या रॉकीला बोलावलं. मशीन सुरू होतंय न होतंय तोच तेजस्वी परतली. पिशव्या टाकल्या आणि सरळ पात्यासमोर उभी!

"रॉकी, आधी माझ्यावरसून फिरव!"

रॉकी बिचारा घामाघूम. "वयनी, माका आबांनीच बोलवल्यानी," म्हणत मशीन खांद्यावर टाकून पळाला.

आबा कडाडले, "चवथ होवंदे. मगे जेसीबीच हाडतंय. सगळा सपाट करून फरशी घालतंय!"

तेजस्वी आत जाऊन ढसाढसा रडली. आबा बोलले की करणारच, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

चवथीच्या आदल्या दिवशी माटवी बांधायची. गणपतीच्या डोक्यावर टांगायची ती लाकडी चौकट, तिला रानातली फुलं-फळं बांधल्याशिवाय आमच्याकडे गणपती बसतच नाही. ते सगळं आणायचा मान आबांचा. सकाळीच कोयता घेऊन ते सड्यावर गेले. बघतात तर काय, वर्षभरात सडाच राहिला नव्हता! निम्मा चिऱ्याच्या खाणीने खाल्लेला, निम्म्याला काजूबागेचं तारेचं कुंपण. बाकीची माणसंही रिकाम्या हातांनी फिरत होती. घराभोवतीचं तर प्रत्येकाने मशीन लावून कधीच कापून टाकलेलं. म्हणजे बघा, दारात उगवतं ते कापायचं आणि तेच शोधायला डोंगर चढायचा! आमच्या अकलेला काय म्हणावं?

आबा परतले ते नुसता आंब्याच्या डहाळ्यांचा टाळ घेऊन. माटवी यंदा उघडी राहणार, या विचाराने तोंड एवढंसं झालेलं. पायरीवर टेकले आणि समोर बघतच राहिले. हरणं पिवळी धमक फुलली होती, निगडीवर लालभडक कवंडळं लोंबत होती.

"तेजस्वी," आवाज पार खाली आला होता, "दोन कवंडळा मिळतली?"

चांगलं सुनावावं असं तिच्या जिभेवर आलं होतं. पण म्हाताऱ्याचे तारेने ओरबाडलेले हात दिसले आणि तिला भरून आलं.

"दोन कित्याक, आबांनू? होई तितकी काढा."

अशी बातमी फुटायला किती वेळ लागतो? दुपारपर्यंत अख्खी वाडी फाटकात! तेजस्वीला 'रानातली बाय' म्हणून चिडवणारी शेजारची काशीबाई सगळ्यांच्या पुढे. आणि फाटकात काठी घेऊन उभं कोण? आबा!

"ओ काशीबाय, मुळासकट उपटू नको! कातरीन काप! आणि माका काय इचारतंस? सुनेक इचार. तिचा आसा ह्या सगळा."

संध्याकाळी सर्वेश मुंबईहून पोचला. बॅग ठेवता ठेवता म्हणाला, "आबा, तुमी सांगलास तसा जेसीबीवाल्याक सांगलंय. गणपती गेलो काय येतलो."

माटवीला शेवटची गाठ मारत असलेले आबा स्टुलावरूनच गरजले, "फाटकात येवंदे, तंगडी मोडतंय तेची! सड्यावर आता काय रवला रे? मी गेल्यावर तुमी माटवी खंयसून बांधतलास?"

आत नारळ खवत बसलेल्या तेजस्वीने खवणी सोडली आणि दोन्ही हात वर करून ओरडली, "जिंकलंय गो बाय, जिंकलंय!"

आबांना ते ऐकू गेलं होतं, पण त्यांनी न ऐकल्यासारखं करून आणखी एक कवंडळ मागितलं.