तास कुणी मोजत नाही

जर्मनीतल्या झिंडेलफिंगेनच्या मालविका बर्वे गाड्यांच्या कारखान्यातल्या इंजिनिअरांना इंग्रजी शिकवीत. धडा पंचेचाळीस मिनिटांचा, आणि पैसेही तेवढ्याच मिनिटांचे. बसमधला वेळ, वह्या तपासणं आणि वर्गातल्या हेर फोगेलचे क्रियापदांचे काळ दुरुस्त करण्यात गेलेलं आयुष्य, हे सगळं धर्मादाय. पण त्यांचं खरं दुखणं वेगळं होतं. पुण्याहून इंग्रजीत एम.ए. झालेल्या या बाईंना भाषाशाळेचा मालक दरवर्षी न चुकता म्हणे, "पण तुमची मातृभाषा इंग्रजी नाही ना." मग मोठे वर्ग एका ऑस्ट्रेलियन पोराकडे जात. त्याने त्याआधी फक्त सर्फिंग शिकवलं होतं.

म्हणून दोन हजार पाचच्या वसंतात इंग्लंडमधल्या एका समुद्रकाठच्या उन्हाळी शाळेने फोनवर मुलाखत घेतली, तेव्हा बाई हरखल्या. खुद्द इंग्लंडात इंग्रजी शिकवल्याचा दाखला आणला, की मालकाचं तोंड बंद. पासपोर्ट जर्मन झालेला होता, त्यामुळे परवान्याचं झेंगट नव्हतं. मुलाखतीच्या शेवटी तिकडच्या संचालिकाबाईंनी काही विचारायचंय का म्हटलं, तर मालविकाबाईंनी शाकाहारी जेवणाची चौकशी केली. पगाराचं आपण होऊन विचारणं बरं दिसलं नसतं.

करारपत्र आलं. आठवड्याचा पगार चांगला, राहणं-जेवण त्यातच, आणि खाली एक ओळ: संध्याकाळची कामं गरजेनुसार. शुक्रवारपर्यंत सही हवी.

यजमान राजन बर्वे इंजिनिअर. त्यांनी कागद उलटसुलट पाहिला. "पगाराला तासांनी भागायला मी तयार आहे. पण तास कुठायत?"

"अहो, असं विचारलं तर मिळालेली नोकरी जाईल."

लेक नैनाने मान वर न करता जर्मनमध्ये सांगितलं, फोन कर की. या मुलीला भीड म्हणजे काय ते कुणी शिकवलंच नव्हतं.

गुरुवारी बाईंनी वर्गात वाटाघाटींचा धडा काढला. स्वतः संचालिका झाल्या आणि हेर फोगेलला उमेदवार केलं. त्यांनी सरळ विचारलं, तास किती? बाईंनी दटावलं, असं नाही, आधी आभार, मग संकोच, मग प्रश्न. हेर फोगेलनी तसं करून पाहिलं आणि म्हणाले, "पण फ्राऊ बर्वे, इतकं गुंडाळल्यावर प्रश्न आत आहे हे त्यांना कळणार कसं?"

शुक्रवारी सकाळी बाईंनी फोन लावला. आभार मानले, संकोच व्यक्त केला, आणि संध्याकाळच्या कामांबद्दल थोडं कळलं तर बरं होईल, असं पुटपुटल्या.

"तास आमच्याकडे कुणी मोजत नाही," संचालिकाबाई प्रेमाने म्हणाल्या. "आम्ही सगळे एका कुटुंबासारखे राहतो."

लग्नानंतरच्या पहिल्या गणपतीत सासूबाईही मालविकाबाईंना अशाच प्रेमाने म्हणाल्या होत्या, तू आता घरचीच. त्या दिवशी शेवटची पंगत उठेपर्यंत त्यांनी नारळ खवले होते.

"कुटुंब मला आहे," त्या म्हणाल्या, आणि आपलाच आवाज ऐकून दचकल्या. "मला नोकरी हवी आहे. संध्याकाळी सुटका कधी होते आणि सुट्टीचा वार कोणता?"

पलीकडून कोरडं उत्तर आलं, लिहून कळवते.

"गेली," बाईंनी फोन ठेवून जाहीर केलं. दुपारपर्यंत त्यांनी राजनना भागाकाराबद्दल, नैनाला सल्ल्याबद्दल आणि गैरहजर हेर फोगेलना एकूणच जर्मन स्वभावाबद्दल बोल लावले. मेल तर इतक्यांदा उघडून पाहिली, की शेवटी नैना कॉम्प्युटरपाशीच जाऊन बसली.

मग उत्तर आलं. रविवारी सुट्टी, आठवड्यातून तीन संध्याकाळी दहापर्यंत मुलांवर देखरेख, आणि लागलंच तर चौथी.

राजननी भागाकार केला. ताशी रक्कम झिंडेलफिंगेनहून कमीच निघाली. "मग?"

"मग काय. दाखला तर इथे मिळत नाही ना," बाई म्हणाल्या. त्यांनी ते उत्तर छापून घेतलं, चौथ्या संध्याकाळवर रेघ मारली, सही ठोकली आणि करारासोबत फॅक्स केला. मशीनमधून कागद बाहेर येईपर्यंत त्या धीराने उभ्या होत्या. आल्यावर त्यांनी तो उजेडात धरला.

"अहो, रेघ जरा जास्तच ठळक नाही ना झाली?"