पाचवी डुकरीण

मिरजगावच्या दवाखान्यात आजचं तिसरं सिझेरियन आटोपून खुर्चीत टेकले. आयोडीनचा वास नाकात गेला आणि पंधरा वर्षांपूर्वीची ती डुकरीण आठवली.

मी तेव्हा भूल देण्याचं शास्त्र शिकत होते. नगरजवळच्या एका संशोधन केंद्रात डुकरांवर यकृत बदलण्याचे प्रयोग चालत. आधीच्या चारही डुकरिणी टेबलावरच गेल्या होत्या. पाचवीला नवं यकृत जोडलं, सर्जननी रक्तवाहिन्यांचे चिमटे सोडले आणि तिचा रक्तदाब धाडकन कोसळला. मी रक्त चढवलं, औषधं दिली, भूल कमी केली. तिचे कान गार पडले होते.

डुकरांना खाऊ घालणाऱ्या जनाबाई दारात उभ्या होत्या. "डाक्टरीनबाई, ही तरी उठंल का?"

"माहीत नाही हो."

तासाभराने रक्तदाब सावरला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती धडपडत उभी राहिली, तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या. जनाबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "लई दमली हाय. झोपू द्या तिला आता."

मला हसू आलं. आदल्या दिवशी तिला तासन्‌तास मीच तर झोपवलं होतं. आज वाटतं, आम्हा सगळ्यांत तिचा थकवा एकट्या जनाबाईंनाच दिसला होता.