गाठींची शाई

दिग्रसच्या जिनात माझा बाप कापसाच्या गाठींवर काळ्या शाईनं नंबर टाकायचा. आमच्या या शहाण्यानं एकदा तीच शाई घरी आणून पांढऱ्या केसांना फासली. केसांसोबत कपाळ, कान, मानही काळीठिक्कर झाली.

आईनं त्याला अंगणात बसवलं, डोक्यावर रॉकेल ओतलं आणि काथ्यानं घासायला घेतलं.

"पन हे कायले केलं?"

"आर्णीले दुसरी बायको पाहाले चाललो. तुले पोरगा होत नाही ना!"

मग आईनं कपाळातून रक्त येईस्तोवर घासलं. मी, त्यांची एकुलती पोरगी, बाजूलाच उभी होते.

"जाय, काडीपेटी आन," आई मला म्हणाली.

मी पळत जाऊन आणली. आईनं काडी काढताच बापानं तिचे पाय धरले. तिनं ती ओढली असती, तरी मी अडवलं नसतं.