जिनिंगची ओली भिंत

मोठा दुष्काळ पडला, त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. पुण्याहून पहाटेची एसटी पकडली तेव्हा खांद्यावर मित्राचा कॅमेरा, काखेत तिपाई आणि खिशात बारा फोटोंचा एकच काळा-पांढरा रोल होता. जायचं होतं शेवगावला. तिथल्या जिनिंगमध्ये (कापसातली सरकी काढायचा कारखाना) अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, बावीस हंगाम बॉयलर सांभाळला होता. दिवाळीनंतर ती इमारत पाडणार होते. अण्णा आजारानं अंथरुणाला खिळलेले, बोलणंही तुटलेलं. बातमी कळल्यावर एवढंच म्हणाले, "बॉयलरच्या भिंतीचा फोटो आण. माझ्या रेघा आहेत तिथं." दर हंगामाच्या पहिल्या भोंग्याला ते बाहेरच्या भिंतीवर कोळशानं एक रेघ ओढत. त्यानंतरचे दोन महिने मी आज जाऊ, उद्या जाऊ करण्यात घालवले होते.

नगरला गाडी बदलली. तिपाई बघून शेजारच्या शेतकऱ्यानं मला थेट मोजणी खात्यात भरती केलं.

"कुनाची मोजनी हाय?"

"मोजणी नाही, जिनिंगच्या भिंतीचे फोटो काढायचेत."

"लगीन न्हाई, वरात न्हाई, अन् भितीचा फोटू?" त्याला काही ते पटलं नाही. पण उतरताना तिपाई त्यानंच खाली दिली.

बाजारपेठ मागं पडली आणि काळ्या रानात जिनिंगचं धुराडं दिसलं. लहानपणी ते आभाळाला टेकलेलं वाटायचं, आता बेताचंच वाटलं. तरी मला अशा काजळलेल्या विटांच्या इमारती फार आवडतात. त्यांना 'जरा हसा' म्हणावं लागत नाही.

फाटकातून आत गेलो. बॉयलरची भिंत पांढरीफेक होती.

अण्णांच्या वेळचे गहिनीनाथमामा आता तिथं राखणदार होते. हसत पुढं आले. "तुजं पत्र आलं. म्हनलं, अन्नांचं पोरगं पुन्याहून फोटू काढाया येतंय, घान भित कशी दावायची? कालच चुना मारला."

असा संताप आला! पण चुन्यानं भेगाळलेले त्यांचे हात दिसले आणि हळूच म्हणालो, "मामा, अण्णांच्या रेघा होत्या तिथं. त्यांच्यासाठीच आलो होतो."

मामांचा चेहरा उतरला. त्यांनी भाकरी आणि मिरचीचा ठेचा पुढं केला. एकाएकी ते हात झटकून उठले.

"आरं, एकच हात दिलाय मी. चुना वला आसला की खालचं समदं दिसतं. मारताना रेघा दिसतच हुत्या, वाळल्यावर गेल्या. तू तुजा फोटूचा डबा धर!"

साठी उलटलेला तो माणूस विहिरीवरून बादल्या आणून भिंतीवर मारू लागला. "तवा मी हितं पानक्या हुतो. तुजा बाप लई वरडायचा. गहिन्या, पानी आन, पानी आन!"

पहिल्या बादलीला विटांचा काळपट रंग वर आला. पाचवीला एक रेघ दिसली, मग तिच्या शेजारची, मग ओळच्या ओळ. वरून ऊन भिंत वाळवत होतं, खालून मामा भिजवत होते आणि मधल्या वेळात मी फोटो काढत होतो. बारा फोटो संपले तेव्हा मामा चिखलात फतकल मारून बसले.

"अन्नांना चुन्याचं सांगू नगं," ते म्हणाले. मी शब्द दिला.

परतीच्या गाडीत रोल मुठीत धरून बसलो होतो. घरी मोरीच्या अंधारात तो धुतला आणि निगेटिव्हवर रेघा दिसल्या, तेव्हा कुठं जीव भांड्यात पडला.

छापलेला फोटो अण्णांनी डोळ्यांजवळ धरला. बोट एकेका रेघेवरून हळूहळू शेवटपर्यंत गेलं. बावीस भरल्या. मग कपाळाला आठी पडली.

"भिंत ओली कशी? पाऊस होता?"

"नाही. गहिनीनाथमामांनी पाणी मारलं. वीसेक बादल्या."

"गहिन्यानं?" अण्णा उशीवरून उठायला बघू लागले. "बावीस वर्षं ओरडलो मी त्याच्यावर. आत्ता आणलं होय पाणी!"

आणि ते हसले. कित्येक महिन्यांनी, ठसका लागेपर्यंत हसले. मी त्यांची पाठ चोळत राहिलो. चुन्याचं काही बोललो नाही.