अक्षरं राहतात कुठं

काकींच्या झेरॉक्स-टायपिंगच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर नवी विंडोज टाकायचं ठरलं, तेव्हापासून मी धास्तावले होते. मी सातवीत शाळा सोडलेली, हिंगोलीकडून इथं करावे गावात आलेली. मला येतं ते एकच काम, मराठी टायपिंग. तेही याच मशिनवर, काकींनी शेजारी बसवून शिकवलेलं. पडद्यावर नवीन काही आलं आणि बोटं अडली, तर मी कशाची टायपिस्ट?

काकींचे जावई महापेला कंपनीत आहेत. त्यांनी मला फोनवर सांगितलं, "ताई, सगळ्या फाईली पेन ड्राइव्हवर घेऊन ठेवा. जुनं सगळं पुसलं जाणार." मी दोन दिवस तेच केलं. लग्नपत्रिका, अर्ज, मंडळाच्या नोटिसा. एकेक फाईल वहीत लिहून, टिक मारून.

रविवारी दुपारी ते आले. काकींनी आधी त्यांना जिताडा माशाचं कालवण वाढलं. "जावयाला काम सांगाचा तर पयलं त्याचा पोट भराला लागतं," असं म्हणून मलाही विचारलं, "तू जेवलीस का गो?" मी हो म्हटलं. सकाळपासून घास उतरला नव्हता.

पुसायच्या आधी एकदा बघून घेऊ, म्हणून त्यांनी पेन ड्राइव्ह स्वतःच्या लॅपटॉपला लावला आणि गावच्या जत्रेची नोटीस उघडली. मराठी अक्षर एक नाही. 'करावे'च्या जागी इंग्रजीत डी, जे, के, ओ, एस.

काकींनी चष्मा लावला. "डीजे? जत्रेला डीजे लावाचा नाय, असा ठरलाय ना गावान!"

जावई हसले. मी मात्र वही उघडून टिका पुन्हा बघायला लागले. वाटलं, दोन दिवस बसून आपण सगळी वाट लावली.

"फाईली आल्यात ताई, अक्षरं नाही आली," ते म्हणाले. "हा फॉन्ट जुना दिसतोय. आत सगळी इंग्रजी अक्षरंच असतात, वरून मराठी दिसतात. फाईलींसोबत फॉन्टही घ्यावा लागेल. नाव काय त्याचं?"

नाव मला पाठ होतं. रोज सकाळी पहिलं तेच तर निवडायचे. दुकानातल्या मशिनवर फॉन्टच्या फोल्डरमध्ये शेकडो नावं होती, सगळी इंग्रजी. मी खालपर्यंत गेले, पुन्हा वर आले आणि बोट ठेवलं. "हा."

तो लॅपटॉपवर टाकला आणि डीजे गेला, करावे आलं.

"मी तर हे धरलंच नव्हतं," जावई म्हणाले. "पुसून मोकळा झालो असतो."

मग त्यांनी जुनं पुसून नवी विंडोज चढवली. तास-दीड तास मी नुसती पडद्याकडे बघत बसले. रंग बदलले, खालची बटणं मधोमध आली. त्यांनी फॉन्ट टाकला आणि खुर्ची माझ्याकडे सरकवली.

"टाइप कर गो कायतरी," काकी म्हणाल्या.

मी कीबोर्डकडे न बघता बोटं टेकवली. क तिथंच होता. काना तिथंच होता. ओळ पुरी झाली तशी काकींनी ती मोठ्यानं वाचली, "काकी, आता भूक लागली."

मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मंग मंगाशी जेवले म्हनलीस ती कोन?"

कालवण त्यांनी झाकून ठेवलेलंच होतं.