बारा बाय सोळाचे मामा

सर्व नातेवाईक, स्नेही आणि आमच्या मंडळाच्या आजी-माजी पदाधिकाऱ्यांनी कृपया बसून घ्यावे, कारण एक अत्यंत गंभीर निवेदन करायचे आहे. अख्ख्या दिल्ली-एनसीआरमधले सर्वात लहान घर आणि त्या घरात राहणारा सर्वात उंच माणूस ही दोन्ही रत्ने माझ्या बायकोच्या माहेरची आहेत. घर बारा बाय सोळा फुटांचे, माणूस सहा फूट दोन इंचांचा, आणि तो माणूस म्हणजे तिचा सख्खा मामा. निवेदनाचा उत्तरार्ध असा की या घराची चेष्टा करून मी तीन वर्षे टाळ्या मिळवल्या आणि आता मला त्याची लाज वाटते. मात्र लाजेपर्यंत पोहोचायचे तर आधी घर दाखवावे लागेल, आणि घर दाखवायला मला अजूनही मजा येते. माझे दुखणे ते हेच.

मामांनी आयुष्यभर मानेसरच्या एका कारखान्यात टूलरूम सांभाळली. फरीदाबादहून कंपनीच्या बसने जायचे, कंपनीच्या बसने यायचे. एक सीट, एक खिडकी आणि पायांशी डबा, एवढ्या जागेत आपण वर्षानुवर्षे सुखात होतो, मग घरी आल्यावर माणसाला मैदान कशाला लागते, असा त्यांचा सवाल असे. निवृत्त झाल्यावर त्यांनी तीन बेडरूमचा फ्लॅट विकला, फरीदाबादच्या कडेला शंभर गजांचा, म्हणजे नऊशे चौरस फुटांचा, प्लॉट घेतला आणि त्याच्या मधोमध हे घर बांधले. उरलेल्या जागेत पालक, मेथी आणि एक कढीपत्ता. शेजाऱ्यांना वाटले की ही चौकीदाराची खोली आहे आणि कोठी, म्हणजे खरा बंगला, मागाहून येणार. समोरचे सरदारजी दोन वर्षे रोज सकाळी आपुलकीने विचारत, "भाईसाब, मकान कब शुरू कर रहे हो?" मामा मेथीला पाणी घालत तितक्याच आपुलकीने सांगत, "हो गया जी."

या घरात कुठल्याही वस्तूला एकच नोकरी करून भागत नाही. जेवणाचे टेबल भिंतीत गेले की आरसा होते. जिन्याच्या प्रत्येक पायरीत एक खण, त्यामुळे चहाची साखर हवी असेल तर पाचव्या पायरीवर कोणी बसलेले नसावे लागते. पलंगाला मामांनी करोल बागेतून गाडीच्या डिकीचे दांडे आणून लावले. बोटाने नुसते उचलले की पलंग सुस्कारा टाकून वर जातो, आणि पोटात मामींच्या साड्या, डाळ-तांदूळ व मामांचे पान्हे शिस्तीत झोपलेले दिसतात. खरा कस लागतो तो रजयांचा. दिल्लीत रजई चार महिने अंगावर आणि आठ महिने डोक्यावर असते. मामांनी त्या सोफ्याच्या खोळीत भरल्या. परिणामी उन्हाळ्यात पाहुणा सिंहासनावर बसतो, पाय जमिनीला न टेकता. आणि जानेवारीत, जेव्हा उबेची खरी गरज, तेव्हा त्याच्या नशिबी नुसती फळी.

फोडणी पडली की सगळे घर एकदम शिंकते. एसी लावला की पाच मिनिटांत मामी शाल मागतात, बंद केला की सहाव्या मिनिटाला पंखा. आणि एक वस्तू आत आली की एक बाहेर गेलीच पाहिजे, हा कायदा. बायकोने दिवाळीला मामींना एक छानसा डबा दिला, तर आठवड्याने आमच्याकडे मामांची छत्री पोहोचली. सोबत चिठ्ठी होती, "जागा केली. डबा उत्तम आहे."

मामींचे तर विचारूच नका. त्यांनी नुसती कूस बदलली तरी मामा घराच्या कुठल्याही टोकाहून, म्हणजे साधारण सात फुटांवरून, विचारत, "काय झालं?" भांडे वाजले, काय झालं? खोकला आला, काय झालं? मामी म्हणत, "अहो, काही नाही झालं, मी आहे." मी हा संवाद त्यांच्या आवाजात इतका घोटला होता की आमच्या नोएडातल्या घरी बायको शिंकली तरी मी तो सुरू करत असे.

आता लाजेकडे वळतो. जुन्या फ्लॅटमध्ये मामांकडे पाहुण्यांची रीघ असे. महाराष्ट्रातून हरिद्वारला निघालेला, ताजमहालाला निघालेला, परीक्षेला आलेला प्रत्येक नातेवाईक निजामुद्दीनला उतरून थेट मामींच्या हातच्या पिठल्यापाशी थांबे. नव्या घरात गेल्यापासून तीन वर्षांत तिथे राहायला एकही माणूस आला नाही. लोक येत, घर बघत, हसत, चहा पीत आणि सामान आमच्याकडे टाकत. यामागे मी होतो. 'पाहुणे टाळण्यासाठी बांधलेले भारतातले पहिले घर' हे वाक्य माझे. गेल्या गणपतीत मंडळाच्या कार्यक्रमात मी रंगमंचावर खडूने बारा बाय सोळाचा चौकोन आखला आणि वीस मिनिटे त्यात मामा झालो. 'पाहुणा आत आला की यजमानाने मेथीत उभे राहायचे' या वाक्याला तर लोक उठून हसले. कोणीतरी त्याचा व्हिडिओ केला आणि तो नागपूरपर्यंत पोहोचला. कुटुंबाच्या ग्रुपवर मामांनी अंगठा पाठवला आणि खाली लिहिले, "फारच छान. फक्त जिना आठ पायऱ्यांचा आहे, तुम्ही सातच चढलात." मामींनी काहीच लिहिले नाही. ते मला तेव्हा दिसले नाही, कारण मी बाकीचे अंगठे मोजत होतो.

मग नागपूरहून मामींच्या धाकट्या बहिणीचे हरिद्वारला जायचे ठरले. ताईकडे आठ दिवस राहीन, असे तिने मामींना कबूलही केले होते. व्हिडिओ पाहिल्यावर तिने मला फोन केला की मी तुमच्याकडेच उतरते, ताईला तुम्हीच काय ते सांगा. बायकोने एवढेच म्हटले, "तुम्हीच केलंय, तुम्हीच निस्तरा," आणि रविवारी मला मेट्रोत बसवून दिले.

दार उघडताच मामांनी मला आत ओढले. "जावईबापू, अगदी वेळेवर आलात." दाराच्या वर भिंतीला त्यांनी एक नवी खाट बसवली होती. कडी काढली की ती दारावरून खाली उतरे, इतकी की दारच उघडेना. त्यांनी ती उतरवून दाखवली. नागपूरला फोन करून मेहुणीची उंची विचारून घेतली होती. रुंदी विचारायची सोय नव्हती, म्हणून मामींना झोपवून माप घेतले आणि वर चार बोटे सोडली. मामी खाटेच्या पडद्याला टीप घालत होत्या. म्हणाल्या, "तिला उजेडात झोप येत नाही. लहानपणापासूनच."

मी बोलायला तोंड उघडले आणि बाहेर पडला तो भलताच प्रश्न, जो तीन वर्षांत मी एकदाही विचारला नव्हता. "मामा, एवढं लहान का बांधलंत?"

मामा बिजागरीला तेल देत होते. "फ्लॅटमध्ये ही न्हाणीघरात पडली होती ना. मी पुढच्या बाल्कनीत रेडिओ ऐकत बसलो होतो. दीड तास हाका मारत होती म्हणे. मधे तीन दारं." त्यांनी तेलाचे झाकण लावले. "तेव्हा ठरवलं, हाक पोहोचेल एवढंच घर बांधायचं."

माणसाला लाज वाटली की तो निदान दुसऱ्या खोलीत जाऊ शकतो. इथे दुसरी खोली नव्हती. खिडकीकडे तोंड करावे तर तिथे मामा, भिंतीकडे करावे तर ती आरसा. तीन वर्षे मी ज्या "काय झालं?"वर टाळ्या घेतल्या, ते "काय झालं?" त्या दीड तासातून आले होते.

आणि त्याच क्षणी माझा फोन वाजला. मामींनी फोनवरचे नाव पाहिले आणि त्यांचा चेहरा उजळला. "धाकटीचा आहे. उचला ना." बाहेर पळावे तर खाट दारात. मी उचलला. धाकटीचा, म्हणजे मावशींचा, आवाज असा की तो फोनशिवायही नागपूरहून ऐकू यावा.

"काय जावईबापू, सांगितलंत का ताईला? मी काही त्या खोक्यात झोपायची नाही बाई. तुमचा तो व्हिडिओ बघून आम्ही अजून हसतोय. तुमच्याकडेच उतरते, चांगल्या तीन-तीन खोल्या आहेत तुमच्या."

बारा बाय सोळात शब्द जाणार कुठे? मामींची सुई पडद्यात थांबली. मामा एका घट्ट स्क्रूला पुन्हा घट्ट करू लागले. दोघांपैकी कोणीही माझ्याकडे पाहिले नाही, आणि त्या घरात एखाद्याकडे न पाहणे किती कष्टाचे काम आहे हे मला ठाऊक होते. आयुष्यभर मी भाषणे केली. तेव्हाही एक मनात जुळत होते, क्षमा, पश्चात्ताप, योग्य जागी विराम असे सगळे असलेले. त्यातले एक अक्षरही आले नाही. सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात मी बोलून गेलो,

"मावशी, आमच्याकडे अजिबात जागा नाही हो."